वाडीतलं ग्रहण

“असू दे रे मधू. नाहीतरी आता सगळ्यांना आंघोळ करायचीच आहे.”

मधूची आत्या हे बोलली. मी समोर उभा होतो. तिने आवाज चढवला नाही, उलट समजूत काढल्यासारखं बोलली. ग्रहण सुटलं की सगळं घर आंघोळ करतं. मी त्यांच्या गच्चीवर बसलो, त्यांच्या पोरांच्या खांद्यावर हात ठेवला, तो विटाळही त्याच पाण्यात जाईल, एवढंच तिला म्हणायचं होतं. आत्या बी. ए. होती.

त्याआधी मी फक्त एक वाक्य बोललो होतो. “खाली ओरडतेय ती माझी आई आहे.” ते ऐकून मधू दोन पावलं मागे सरला होता.

कसं झालं ते सांगतो. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी नायगावच्या बीडीडी चाळीतला. वडील गिरणीत. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. मधू गिरगावचा, माझ्या वर्गातला. आमची दोस्ती मोर्चात झाली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. लाठ्या सुरू झाल्या तेव्हा त्यानेच मला ओढून एका जिन्यात घेतलं. तेव्हा त्याने जात विचारली नाही. मीही सांगितली नाही.

त्या दिवसांत वर्गात सूर्यमाला शिकवत होते. मी खुळावलो होतो. बुध अठ्ठ्याऐंशी दिवसांत सूर्याला फेरी मारतो. गुरूला बारा वर्षं लागतात. शनीला साडेएकोणतीस. म्हणजे मी जन्मल्यापासून त्याची एक फेरीही पुरी झाली नव्हती, आणि आमच्या चाळीत सगळे त्याला घाबरत होते. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा आहे आणि जवळजवळ तितकाच पट लांब. म्हणून एवढासा चंद्र त्याला झाकतो.

“आणि राहू-केतू?” कुणीतरी मागून विचारलं.

“ते दोन नुसते बिंदू,” प्राध्यापक म्हणाले. “चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते. तिथे काहीही नाही.”

माझी पेन्सिल थांबली.

राहू-केतू आमच्या जातीचे, असं लोक मानत. ते सूर्याला धरतात आणि आम्हांला दान दिलं की सोडतात. ग्रहण लागलं की आमची माणसं ‘दे दान, सुटे गिराण’ असं ओरडत गल्लोगल्ली फिरत. आमच्यातल्या प्रत्येक घराची मागायची वाडी ठरलेली. वरून जुनेर पडायचं, मूठभर तांदूळ, एखादा पैसा. म्हणजे जिथे काहीही नाही, त्याचे आम्ही नातेवाईक.

त्याच थंडीत सूर्यग्रहण आलं. भर दुपारचं. मधू म्हणाला, “आमच्या गच्चीवर ये रे. वाडीतल्या पोरांना तूच समजाव. मला ते बिंदू अजून कळले नाहीत.” त्याने पत्ता सांगितला. ती आमची वाडी होती. माझ्या आयेची.

आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, “आये, उद्या जाऊ नको.”

“का रं? तुज्या बुकातला सूर्य भाकर घालतोय व्हय?”

“आपल्याला शोभत नाही.”

“गिरणी बंद व्हती तवा काय शोभत व्हतं?”

मी त्याच वाडीत असणार, हे सांगितलं नाही. याला चूक म्हणता येत नाही. भ्याडपणा म्हणावा लागेल.

गच्चीवर मी पोरांना एकेक गोटी दिली. एक डोळा मिटून गोटी डोळ्याजवळ धरायची. समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसेनाशी होते. “टाकी गेली! टाकी गेली!” पोरं नाचायला लागली. मग त्यांना काजळी धरलेल्या काचेतून सूर्य दाखवला. इतका सुखी मी कधी नव्हतो.

तेवढ्यात खालून हाक आली. दे दान, सुटे गिराण.

पोरं कठड्याशी धावली. मधूने पैसा फेकला. “जोरात ओरड ग बाई! राहूला ऐकू नाही गेलं!” सगळे हसले.

मीही हसलो. हे मला लिहावंच लागेल. मीही हसलो.

आत्याने एक गाठोडं आणून माझ्यापुढे धरलं. “एवढं खाली नेऊन टाक हो. हातात नको देऊस, लांबूनच टाक.” तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. आणि मग आंघोळीचं ऐकलं.

मी जिना उतरलो. गाठोडं तिथेच राहिलं. काच मात्र माझ्या हातात होती.

आये नळाशी उभी होती. “तू? हितं?”

मी तिच्या ओटीतलं सगळं काढून पायरीवर ठेवायला लागलो. तांदूळ, एक धोतर, पैसे.

“येडा झालास? सोड ते!” तिने माझं मनगट धरलं. मग हळू म्हणाली, “माजी लाज वाटली व्हय तुला?”

“वाटली,” मी म्हटलं. “आता नाही वाटत. आये, वर बघ.”

“नगं. गिराण बघू नये.”

तीस वर्षं ती ग्रहणात फिरली होती आणि ग्रहण तिने एकदाही पाहिलं नव्हतं. नजर सारखी खिडक्यांकडे. मी काच तिच्या डोळ्यांपुढे धरली. ती बराच वेळ बघत राहिली.

“कुनी धरलं न्हाई त्याला,” ती म्हणाली.

“नाही. चंद्र आडवा आलाय. जाईल पुढे.”

“कवा?”

सुटायची वेळ मी वहीत लिहून घेतली होती. “आणखी नऊ-दहा मिनिटांनी.”

“म्या न्हाई वरडले तरी?”

“नाही ओरडलीस तरी.”

ती पायरीवर बसली. त्या वाडीत ती कधी पायरीवर बसली नव्हती. वरच्या खिडक्यांतून बायका गाठोडी घेऊन वाकल्या होत्या. “ए बाई, गप्प का झालीस? सुटत आलं ना!” आये बोलली नाही. मधू कठड्यावरून म्हणाला, “अरे, तिला सांग ना ओरडायला. आत्या घाबरलीय.”

“तू ओरड,” मी म्हटलं. “मोर्चात तुझा आवाज चांगला लागतो.”

भिंतीवरचं मळकं ऊन पिवळं होत गेलं. मी काच धरली. सूर्य पुरता गोल होता. मघापासून कुणी हाक दिली नव्हती, घेतलेलं दानही पायरीवरच होतं. वरच्या बायकांच्या हातांत गाठोडी तशीच होती. आये उठली, लुगडं झटकलं. “चल,” म्हणाली. आम्ही काही उचललं नाही.

घरी वडिलांनी शिव्या दिल्या. रिकाम्या हाताने आलो म्हणून. मधू पुढे वर्गात माझा बाक सोडून दुसरीकडे बसू लागला.

मी प्राध्यापकांकडून पुढच्या ग्रहणाची तारीख मागून घेतली. आमच्या चाळीच्या जिन्याशी खडूने लिहिली. खाली लिहिलं : या दिवशी इथून कुणीही दान मागायला जाणार नाही. ज्याला जायचं असेल त्याने आधी मला ओलांडून जावं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते पुसलं होतं. मी पुन्हा लिहिलं. ते पुसतील तितक्यांदा लिहीन.