गुरूचा दुसरा डोळा

गुरू ग्रहाला दोन डोळे असतात, असं रोह्याच्या एका शाळेतली पाचवीची अख्खी तुकडी एका सकाळी काही मिनिटं तरी छातीठोकपणे सांगू शकली असती, आणि त्याला संपूर्णपणे मी जबाबदार आहे.

माझी मुलगी मृण्मयी अवकाशातल्या प्लाझ्माचा अभ्यास करते. गुरू, त्याचे चंद्र आणि त्यांच्याभोवती फिरणारा प्लाझ्मा, एवढं मला म्हणता येतं. त्यापुढचं मला ओ की ठो कळत नाही. पण पेणमध्ये जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला (विषय मराठी आणि इतिहास) 'माहीत नाही' हे शब्द उच्चारायची सवय नसते. आमच्या रामवाडीत कोणी विचारलं, "मास्तर, लेक काय करते?" की मी बोट आकाशाकडे करायचो, "विषय मोठा आहे" म्हणायचो आणि चहा मागवायचो.

गेल्या जानेवारीत ती परदेशातून सुट्टीवर आली आणि रोह्याच्या त्या शाळेने तिला व्याख्यानाला बोलावलं. आपल्या माणसांपुढे, मराठीतून बोलायची तिची पहिलीच वेळ. मोठमोठ्या परिषदांमध्ये न घाबरणारी पोर हातात कागद घेऊन घरभर येरझारा घालायला लागली. "बाबा, मुलांना समोर काहीतरी दिसायला हवं. गुरू, त्याचे चार मोठे चंद्र आणि भोवती प्लाझ्माचं कडं. इथे मोठे चेंडू मिळतील का कुठे?"

"पेणमध्ये राहून चेंडू?" मी म्हणालो. "मी आहे ना!"

माझ्या बालमित्राचा, दत्ताचा, गणपतीचा कारखाना आहे. माघी गणपतीची घाई होती, तरी त्याने माझ्या शब्दाखातर कागदाच्या लगद्याचा, घागरीएवढा गोळा आणि चंद्रांसाठी चार लहान गोळे तयार केले. मी त्याला रंगवण्यासाठी गुरूचा छापील फोटो नेऊन दिला. त्यात गुरूच्या अंगावर एक मोठा तांबडा डाग आहे. दत्ताने फोटो लांब धरला, जवळ धरला.

"डोळा झकास हाय," तो म्हणाला. "आखणी मी सोता करतो. पण मास्तर, दुसरा कुठंय?"

मूर्ती बाकी कोणीही रंगवो, डोळ्यांची आखणी दत्ता दुसऱ्याला करू देत नाही. प्रश्न मोठ्या अधिकाराने आला होता. 'मृण्मयीला विचारून सांगतो' एवढंच म्हणायचं होतं. पण चाळीस मूर्ती माझ्याकडे बघत होत्या (आणि चार कारागीरही). डोळा काय नि डाग काय, आपल्याला माहीत नाही हे दिसता कामा नये, इतकंच डोक्यात होतं.

"फोटो एका बाजूचा आहे," मी गंभीरपणे सांगितलं. "दुसरा पलीकडे असणार."

"मंग दोन्ही पुढं घेतो. नवग्रहातला देव हाय, त्याला एका डोळ्याचा कसा ठेवायचा?"

"तुला योग्य वाटेल तसं."

"आनि चंद्रांना?"

"त्यांना बारीक काढ," मी म्हणालो. मास्तरकी एकदा सुटली की उतारावर थांबत नाही. "आणि भोवती तेजाचं कडं."

"म्हंजे परभावळ."

"बरोबर."

व्याख्यानाच्या सकाळी दत्ता स्वतः गाडीत गुरू मांडीवर घेऊन बसला. गुरूवर नवं लाल फडकं. चंद्र खोक्यात, तेही झाकलेले. मृण्मयीने मागे वळून फडक्याला हात घातला.

"पोरी, वाटेत तोंड उघडायचं नसतं," दत्ता म्हणाला. "जागेवर बसला की मंग."

"पण काका, हा ग्रह आहे. मला एकदा बघू तर द्या."

"पद्धत असते गं," मी गाडी चालवता चालवता म्हणालो. मला पुन्हा एकदा सगळं माहीत होतं.

शाळेच्या सभागृहात टेबलावर सतरंजी होती. दत्ताने गुरू मांडला, चंद्र मांडले, मागे सोनेरी प्रभावळ उभी केली आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या हस्ते फडकं काढलं गेलं.

काय सांगू! पट्टे अगदी फोटोतल्यासारखे. आणि त्या पट्ट्यांमधून दोन टपोरे, पाणीदार, करुणेने भरलेले डोळे थेट प्रेक्षकांकडे बघत होते. चारही चंद्रांना इवले इवले डोळे, आणि ते चौघेही गुरूकडे भक्तिभावाने पाहत होते. पहिल्या रांगेतले पालक उठून उभे राहिले. शिपाईमामांनी दाराबाहेर जाऊन चपला काढल्या. एका आजींनी स्वतःच्या वेणीतलं फूल काढून गुरूपुढे ठेवलं. मुख्याध्यापिकाबाई माझ्या कानाशी आल्या.

"सर, आरती आधी घ्यायची की व्याख्यान?"

मृण्मयी पांढरीफटक पडली होती. "बाबा, तुम्ही बघितलं होतं ना?" इतकंच ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची आठवडाभराची येरझार मी एका थापेत घालवली होती.

पण ती टेबलाकडे गेली. काही वेळ त्या चंद्रांकडे बघत राहिली आणि एकदम तिला हसू फुटलं.

"हे ज्यांनी केलंय, त्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर दाखवली आहे," तिने सुरुवात केली. "हे चारही चंद्र फिरताना आपला एकच चेहरा कायम गुरूकडे ठेवतात. कधीच पाठ करत नाहीत."

मागे दत्ताने मान डोलावली, जणू हा शोध त्याचाच होता. मृण्मयी पुढे म्हणाली, "हा उजवा डोळा म्हणजे एक वादळ आहे, आपल्या पृथ्वीहून मोठं. आणि हा डावा डोळा," ती माझ्याकडे वळली, "हा आमच्या बाबांचा अंदाज आहे."

सभागृह खो खो हसलं. मग तिला कोण थांबवणार? तिने प्रभावळ काढून गुरूभोवती आडवी धरली. आयो या चंद्रावरचे ज्वालामुखी वायू कसे फेकतात, त्यातल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटले की उरतो तो प्लाझ्मा कसा असतो, गुरूचं चुंबकत्व त्याला कसं पकडून कड्यासारखं गरगर फिरवतं, सगळं तिने त्या प्रभावळीवर बोट फिरवत सांगितलं. मुलं तासभर हलली नाहीत. शेवटी फोटो काढायला दत्ताला मधे उभं केलं. मला फोटो काढायला सांगितलं.

परतताना गावाबाहेर पडल्यावर मी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणालो, "मृण्मयी, मला तुझ्या कामातलं काहीच कळत नाही. आजवर नुसतं मिरवलं. प्लाझ्मा म्हणजे नक्की काय गं?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते तिचे. "बाबा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंत."

ती पुढे काही बोलणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "मास्तर, सोप्पं हाय. ती दमलीय, तिला ऱ्हाऊ द्या. मी ऐकलंय सगळं, मी सांगतो."

नागोठण्यापर्यंत दत्ताने मला प्लाझ्मा शिकवला. मग त्याने प्रश्न विचारले, आणि मी दोनदा चुकलो.