परत आलेली शाल

मूळचे केदारखेड्याचे, पण हसनाबादला राहणारे धर्मराज सर कुठल्याही कार्यक्रमात बोलायला उभे राहिले की माणसं मांडी सावरून बसत. झेंडावंदन असो, वृक्षारोपण असो, नाहीतर कुणाच्या पोराचं बारसं असो, सरांची गाडी फिरून फिरून मस्कतला जाणारच, हे गावच्या लहानथोरांना पाठ झालं होतं.

सर मस्कतला एका शाळेत अकरा वर्षं गणित शिकवत होते. नोकरी सोडून गावी यायला निघाले, सामान बांधलं, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि तिथल्या केरळी अकाउंटंटनं त्यांना ऑफिसात बोलावून हातावर चेक ठेवला. सर घाबरले. शेतकऱ्याच्या घरचा माणूस. न मागता पैसा आला म्हणजे कुणाची तरी चूक झाली आणि उद्या बालंट आपल्यावर येणार, एवढंच त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "माझा पगार तर झाला. हे कशाचं?" अकाउंटंट हसला. म्हणाला, परदेशातून आलेला शिक्षक नोकरी सोडून जाताना जितकी वर्षं शिकवलं त्या हिशेबानं त्याला द्यावं लागतं, इथला कायदाच आहे. सर हात जोडून म्हणाले, "लई उपकार झाले." त्यावर तो म्हणाला, "उपकार कसले? तुमच्या हक्काचं आहे."

'हक्काचं' म्हणून झालं की सर थांबत, चष्मा काढून पुसत, आणि टाळ्या पडेपर्यंत पुसतच राहत. त्याच पैशातून त्यांनी हसनाबादला इंग्रजी शाळा काढली. आधी पत्र्याच्या चार खोल्या, मग स्लॅब, मग पिवळी बस.

गोष्ट अक्षर न् अक्षर खरी होती. सगळी गोम तिथेच होती.

शाळेची पहिली शिक्षिका म्हणजे शालू मॅडम. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तिचं शिकवणं बस थांब्यावर ऐकू येई, असं लोक कौतुकानं सांगत. चौदा वर्षं पहिलीच्या पोरांवर आवाज चढवून चढवून तिचा घसा बसला तो बसलाच. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं, गळ्यात गाठी आहेत, मोठ्यानं बोलणं कायमचं बंद. मॅडमनं राजीनामा दिला. आता घरी पिको-फॉलचं मशीन टाकावं, त्या कामाला तोंड लागत नाही, असं तिनं ठरवलं होतं. शाळा सोडताना काहीतरी हाती पडेल आणि मशीन येईल, एवढीच तिची आशा. ती तिनं फक्त सरांच्या बायकोपाशी, उषाबाईंपाशी बोलून दाखवली होती.

सत्काराचं कपाटही शालू मॅडमकडेच असायचं. सरांना ठिकठिकाणी मिळालेल्या शाली त्या कपाटात जमत आणि शाळेच्या पाहुण्यांच्या खांद्यावर पडत. पाहुणा शाल घरी नेई. शाळेतल्या माणसाचा सत्कार असला तर मात्र सरांचा नियम वेगळा होता. फोटो झाला की शाल परत कपाटात. फोटो निघताच मॅडम हळूच मागून जायची, शाल उतरवून घ्यायची, घडी घालायची. कुणाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. सवय लागली की माणूस कशालाही रीत म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी सरांचा सीए म्हणाला होता, "सर, तुमच्याकडं दहाच्या वर माणसं आहेत. ग्रॅच्युइटी शाळांनाही लागू आहे. पाच वर्षं झालेल्यांची तरतूद करत चला." सर म्हणाले होते, "आपली घरची शाळा हाय. घरच्या माणसात कायदा कशाला आणता?" आणि चहा मागवला होता.

निरोप समारंभाला सगळी शाळा जमली. खरं तर सरांनी चार वाक्यं बोलून बसायचं होतं. पण माईक हातात आला आणि जिभेला वळण माहीत होतं. गाडी मस्कतला गेली. चेक आला. सर घाबरले. "हे कशाचं?" म्हणाले. सभागृहात नेहमी चुळबूळ असते, आज कुणी हललंसुद्धा नाही. सरांना वाटलं, आज गोष्ट रंगली.

"...तो म्हणला, उपकार कसले? तुमच्या हक्काचं हाय!"

सरांनी चष्मा काढला. हिंदीचे लतीफ सर टाळ्या वाजवत उभेच राहिले. मागोमाग सगळे शिक्षक उभे राहिले, आणि सगळे शालू मॅडमकडे बघत होते. मॅडमनं पदर तोंडाला लावला होता आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चष्मा परत डोळ्यांवर चढवला तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं, आपण ही गोष्ट कुणाच्या निरोपाला सांगितली ते. सगळ्यांना वाटलं होतं, सर आता मॅडमच्या हक्काचं जाहीर करणार.

 ते "असो" म्हणाले. मग शाल दिली, नारळ दिला, फोटो झाला. टाळ्या वाजल्या, पण पहिल्यासारख्या नाहीत. शाल उतरवून घ्यायला मागून कुणी आलं नाही, कारण ते काम जिचं होतं तिच्याच खांद्यावर आज शाल होती.

संध्याकाळी उषाबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. "मला वाटलं, तुम्ही आता तिचं सांगता," एवढंच म्हणाल्या. सरांनी अर्ध्या भाकरीवर हात धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालू मॅडम शाळेत आली. हातात कालची शाल, इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली.

"सर, ही राह्यली व्हती माझ्याकडं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "काल फोटोच्या गडबडीत तशीच घरी गेल्ती. दिवाळीत आपल्या शिपाई कांताबाईंचा निरोप हाय, तवा लागंल. अन् ही कपाटाची किल्ली."

टोमणा असता तर सरांनी झेलला असता. टोमणा नव्हताच. ती खरोखरच शाल परत करायला आली होती. सरांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"मॅडम, बसा," ते कसंबसं म्हणाले. "तुमचा हिशेब राह्यला."

मॅडमचा चेहरा उतरला. "माझ्याकडं कायी निघून राह्यलं का सर? खडूचं खोकं तर मी लतीफ सरांपाशी दिल्तं."

सरांनी सीएला फोन लावला, आकडा विचारला, ड्रॉवरमधून चेकबुक काढलं. चेक तिच्यापुढे सरकवताना त्यांनी मान वर केली नाही.

"माझा पगार तर झाला, सर. हे कशाचं?"

हे वाक्य सरांनी आयुष्यात शंभरदा दुसऱ्यांना ऐकवलं होतं. पुढचंही त्यांना पाठ होतं. "तुमच्या... हक्काचं हाय," ते पुटपुटले. "आधीच द्यायचं व्हतं. मला ठाऊक व्हतं." मॅडमनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती तोवर खाली वाकली होती. "लई उपकार झाले सर," म्हणत तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या दोन शिक्षिकांनी ते पाहिलं.

आठवड्यात गावभर झालं. पिको-फॉलचं मशीन आलं ते बघायला बायका गेल्या आणि सरांचं नाव काढत परतल्या. मग गावचे जुने पुढारी कडूबा अण्णा घरी आले. "धर्मराज, शनवारी पारावर तुझा सत्कार. नोकरी सोडून चाललेल्या मास्तरणीला कोण देतंय रे एवढं?"

"अण्णा, ते माझं न्हवतंच. तिचंच व्हतं. मी दाबून ठिवल्तं."

अण्णांनी त्यांच्या पाठीत एक प्रेमाची थाप मारली. "बघा! मन मोठं अन् वरून एवढा नम्रपणा!"

सरांनी दोनदा नाही म्हणून पाहिलं. गाव ऐकेना. शनिवारी पारावर त्यांच्या खांद्यावर शाल पडली, नारळ हातात आला आणि माईक पुढे आला. माणसं मांडी सावरून मस्कतला जायच्या तयारीनं बसली. सर उभे राहिले, माईक धरला, आणि तसेच उभे राहिले.  लोकांना वाटलं, सरांना भरून आलं.

बायकांच्या बाजूला पुढेच शालू मॅडम बसली होती. मोठ्यानं काही म्हणायची तिला बंदी होती, म्हणून ती सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती.