मास्तरांची खूण

शर्टांच्या कारखान्यात मास्तरांचा दरारा मोठा. कॉलरवर शिवणीची खूण तेच करणार, तीही टेप न लावता, नजरेने. आणि कुणाची सुई खुणेवरून हलली रे हलली, की "उठा, उठा! डोळे फुटले का?" म्हणत त्या बाईला उठवून स्वतःच शिवणार. बावीस वर्षं हेच.

अलीकडे मात्र शर्ट परत येऊ लागले. कॉलरचं एक टोक मोठं, एक लहान. मालकांनी स्पष्टच सांगितलं, "महिन्याभरात सुधारा, नाहीतर दुसरा मास्तर बघतो." वर मास्तरांना कामाची पद्धत शिकवायला एक कोचबाई आणून बसवल्या. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला बटण लावता येत नाही, ती आपल्याला शिकवणार!

बाई तीन दिवस नुसत्या बघत बसल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मास्तर, काल तुम्ही तेवीस वेळा कुणाला तरी उठवलंत. आजपासून हाताची घडी. चुकतंय वाटलं तर फक्त विचारायचं, असं का करताय?"

"आणि माल बिघडला म्हणजे?"

"तो तसाही बिघडतोच आहे की."

मास्तरांनी धुसफुसत हाताची घडी घातली.

दुपारी सगळ्यांत जुन्या मावशींची सुई खुणेबाहेरून चाललेली दिसली. मास्तरांचे हात नुसते शिवशिवले. कसंबसं म्हणाले, "मावशी, असं... असं का करताय?"

मावशींनी मशीन थांबवली. "सांगू? रागावू नका. तुमचा डावा डोळा अधू झालाय. त्या बाजूची खूण गव्हाच्या दाण्याएवढी आत येते. वर्ष झालं, आम्ही सगळ्या सांभाळून घेतो."

"मग परत येतात ते शर्ट?"

"आम्हाला उठवून तुम्ही शिवता, ते."

मास्तरांनी खुणेचा खडू मावशींपुढे ठेवला. लाजेने त्यांना वर बघवेना. वर्षभर ज्यांच्यावर खेकसलो, त्याच आपल्याला पाठीशी घालत होत्या!

महिना संपला. एकही शर्ट परत आला नाही. मालक खूश होऊन कोचबाईंना म्हणाले, "काय जादू केलीत हो?" बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. गप्प बसले असते तर चाललं असतं.

"खूण आता मावशी करतात," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला दिसत नाही. चूक माझीच होती."

मालकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मावशी उठून उभ्या राहिल्या. "साहेब, मास्तर गेले तर मीही चालले."

"आम्हीपण," मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, काढतोय कोण?" मालक भांबावून म्हणाले. "आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या!"