स्क्रू शोधणारा

दाजीबानपेठेत रेडिओ, मिक्सर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. तो मला अण्णा म्हणतो, मी त्याला. परदेशातल्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात चार दिवस पाय तुटेपर्यंत हिंडून आलो होतो. माझं टीव्हीचं दुकान उघडायचंही जिवावर आलं, म्हणून त्याच्या स्टुलावर टेकलो आणि त्याला मोबाइलमधले फोटो दाखवले. कागदासारखा पातळ टीव्ही, घडी होणारा फोन. तो प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून कडेकडेनं काहीतरी शोधत राहिला.

“काय बघताय, अण्णा?”

“स्क्रू. उघडायचं कुठनं ते.” मग मोबाइल परत देत म्हणाला, “सगळे फोटो पुढनंच काढल्यात की! चार दिवसांत एकाचीबी मागची बाजू बघितली नाही?”

नव्हती बघितली. वीस वर्षं टीव्ही विकतोय मी.