थांब आणि भाग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता तुम्हाला सांगतानाही छातीत धडधडतंय – रोज धावणाऱ्या माणसाला खरं तर धडधडीची सवय असायला हवी, नाही का?

नोएडात माझ्या घरापासून ऑफिसपर्यंत सात किलोमीटर. शेजारच्या सोसायटीतली वैशाली माझ्याच ऑफिसात. आम्ही दोघं धावत जायचो आणि संध्याकाळी धावत यायचो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये इस्त्रीचे कपडे, पोचल्यावर बाथरूममध्ये बादलीभर पाणी. लोक वेड्यात काढायचे. वैशालीचे आईवडील नागपूरचे, पण ती जन्मली, वाढली दिल्लीत. मराठी बोलायची ती फक्त घरी आणि माझ्याशी. शब्द अडला की बिनदिक्कत हिंदी घालून पुढे जायची. मी तिला त्यावरून फार चिडवायचो.

वाटेत नाल्याकडेच्या रस्त्यावर भटकी कुत्री असत. मला कुत्र्यांची लहानपणापासून भयंकर भीती. म्हणून तिनंच नियम केला होता – कुत्री आली की पळायचं नाही, दोघांनी एकमेकांना चिकटून उभं राहायचं. दोन माणसं उभी दिसली की ती भुंकतात आणि निघून जातात. आणि खरंच जायची, कितीदा तरी.

त्या सकाळी धुकं होतं. पाच-सहा कुत्री एकदम अंगावर आली. वैशाली ठरल्याप्रमाणे उभी राहिली. आणि मी? मी पळालो. कुत्री चवताळली, जवळ सापडली वैशाली. मागून तिची किंकाळी आली तरी मी वळलो नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्यापाशी पोचलो तेव्हाच थांबलो. तो काठी घेऊन धावला. मी त्याच्या मागून गेलो.

तिच्या पोटरीचे लचके तोडले होते. पडताना गुडघा मोडला होता.

इथवरचं तुम्ही भित्रेपणा म्हणून सोडूनही द्याल. पण पुढचं – पुढचं कसं सांगू? हॉस्पिटलात तिच्याजवळ बसलो होतो. आता ही विचारणार, का पळालास? तिनं विचारायच्या आधीच मी बोलून टाकलं, "तू 'भाग' ओरडलीस ना, म्हणून पळालो मी."

ती 'थांब' म्हणाली होती. स्पष्ट, मोठ्यांदा, दोनदा. मी ऐकलं होतं.

ती म्हणाली, "सॉरी यार. मला 'थांब' म्हणायचं होतं. घाबरले की हिंदीच निघते माझ्या तोंडातून."

मी मान हलवली. मला हायसं वाटलं. तेव्हा लाज वाटली, असं म्हणायला आवडलं असतं, पण वाटलं ते हायसंच.

तिचं धावणं कायमचं सुटलं. ती आता मेट्रोनं येते. मी अजून धावतो, दुसऱ्या रस्त्यानं. फोनवर तिचं नाव दिसलं की वाटतं – आठवलं असेल का तिला? आज आठवलं असेल का?

नाही आठवलेलं. उलट तिनं ठरवलंय, मराठी पक्की करायची, म्हणजे पुन्हा तशी वेळ आली तर नेमका शब्द तोंडात येईल. मेट्रोत बसून ती रोज मला पाच वाक्यं लिहून पाठवते. चुका दाखव म्हणते.

मी दाखवतो.