अठ्ठाविसावं पान

नेरियो अमीनोवला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या पुढ्यातलं ताट उचलत होता. "हा कबाब नका खाऊ, एका अंगाने जास्त भाजलाय," असं म्हणून तो आत गेला आणि दुसरा घेऊन आला. गिऱ्हाईक बिचारं अर्धा कबाब संपवून बसलं होतं! जन्मभर रंगमंचावर वावरल्यामुळे माणसाचा पहिला प्रवेश पाहूनच मला त्याची जात कळते. त्याच दिवशी ठरवलं, बाहेर जेवायचं तर ह्या माणसाकडे. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

मेपल रस्त्यावर आमच्या ज्यू वस्तीची खाण्याची दुकानं एका ओळीत आहेत. पिझ्झावाला दुधा-चीजचा, समोर नेरियोचं 'समरकंद ग्रिल' मांसाचं, आणि कोपऱ्यावर एक बेगलवाला. आमच्यात दूध आणि मांस एकत्र चालत नाही, म्हणून दुकानंही वेगळी. अख्ख्या उपनगराची लग्नं ह्याच टेबलांवर ठरतात आणि भांडणंही इथेच मिटतात. नेरियोकडे चौदा टेबलं, त्यांवर प्लॅस्टिकची आच्छादनं. गुरुवारी संध्याकाळी तर इतका गलका असतो की शेजारच्याशी बोलायला मलासुद्धा रंगमंचावरचा आवाज लावावा लागतो.

मी सांगतेय त्या गोष्टीच्या वेळी नेरियो सहासष्ट वर्षांचा होता. बुटका, पिंपासारख्या छातीचा, भुवया निखाऱ्याने कायमच्या करपलेल्या. जन्म समरकंदचा. तिथे त्या काळी आमच्या धर्माच्या शाळेला सरकारची बंदी होती. आजोबांनी खिडकी लावून घेऊन प्रार्थना शिकवल्या, त्याही नुसत्या कानाने. पवित्र अक्षरं त्याने ओळखली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेत आल्यावर, नातीच्या बालवाचनातून. अजूनही ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय त्याला वाचता येत नसे. आमच्या वस्तीत प्लंबरसुद्धा धर्मग्रंथातला वाद घालतो. तिथे हे त्याचं दुखरं ठिकाण होतं.

आणि त्या ठिकाणी दर उन्हाळ्यात मीठ चोळलं जाई.

उन्हाळ्यात आमचे शोकाचे नऊ दिवस येतात, जुनं मंदिर जळाल्याच्या आठवणीचे. शनिवार सोडला तर त्या दिवसांत मांस वर्ज्य. पिझ्झावाल्याकडे रांग लागते आणि नेरियोचे निखारे थंड पडतात. पळवाट म्हणा, पुण्याई म्हणा, एकच वाट उरते. कुणी धर्मशास्त्राची एखादी पोथी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत अभ्यासून पूर्ण केली, तर त्या सांगतेचा आनंद एवढा मोठा मानतात की तिथे हजर असलेल्यांना मांस चालतं. आम्ही तिला 'सियूम' म्हणतो. म्हणून नेरियो दरवर्षी पाठशाळेतून एखादा विद्यार्थी बोलवायचा. तो शेवटच्या चार ओळी म्हणायचा, सगळे अभिनंदन करायचे, आणि कबाबाच्या सळया बाहेर यायच्या.

गेल्या वर्षी असाच विद्यार्थी ओळी म्हणून खाली बसला, तेव्हा आमचे दातांचे डॉक्टर लेफ्कोविट्झ तोंडात कबाब घेऊन म्हणाले, "नेरियो, तुझं बरंय रे. मांस घरचं आणि विद्या भाड्याची!"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? नेरियोही हसला आणि आत गेला. पाठोपाठ आतून कांदा चिरल्याचा आवाज आला, पण एवढ्या जोरात कांदा कुणी चिरत नाही.

शरदातले सण संपले आणि त्याने पोथी विकत आणली. एकोणचाळीस पानांची, सणाच्या दिवशी काय रांधावं, काय रांधू नये ह्याची. सुरुवातच अंड्यावरून! सणाच्या दिवशी कोंबडीने घातलेलं अंडं त्या दिवशी खावं की नाही, ह्यावर मोठमोठे पंडित पानामागून पान भांडतात. नेरियो खूश झाला. "आपा," मला तो मोठ्या बहिणीच्या नात्याने अशीच हाक मारतो, "हे लोक माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून बोलतात की!"

शिकवायला होता प्लॉटकिन. हा आमच्या धर्मसभेने नेमलेला देखरेख्या, अन्न धर्माच्या नियमांत बसतं ना हे पाहणारा. प्रत्येक खानावळीत असा एक असतोच. चूल तो पेटवणार, कोथिंबिरीचं पान न् पान उजेडात धरून तो किडा शोधणार. चाळिशीचा, काटकुळा, हसणं त्याला माहीत नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी नेरियो कांदे सोलत बसे, समोर प्लॉटकिन भाजी तपासत बसे, आणि मध्ये पोथी उघडी असे. आठवड्याला एक पान. पानांना हळद लागली, चरबी लागली, चाक-चाक ह्या त्याच्या गावच्या मिठाईवरचा मध लागला.

"रब्बी, हा पंडित काल असं म्हणाला आणि आज उलट म्हणतोय!" नेरियो म्हणायचा. गुरुजींना आमच्यात रब्बी म्हणतात.

"तो दुसरा पंडित आहे."

"मग नाव तेच का?"

"तुमच्या गल्लीत नेरियो किती होते?"

"सात."

"झालं तर. पुढे वाचा."

मी कोपऱ्यात चहा पीत ऐकायची. एकदा त्याने हळूच विचारलं, "आपा, माणसांसमोर उभं राहिलं आणि पाय लटपटले तर काय करायचं?"

"लटपटू द्यायचे," मी म्हटलं, "टेबलाच्या पुढे कापड लावलेलं असतं."

उन्हाळा आला. बायकोने, बुलोरने, काचेवर कागद चिकटवला: 'गुरुवारी सहा वाजता सियूम. करणार: नेरियो अमीनोव.' विद्यार्थ्याला ह्या वर्षी बोलावणंच नव्हतं. म्हणजे नेरियो अडला तर कुणालाही मांस नाही, आणि पुढची वीस वर्षं वस्तीला चघळायला विषय!

गुरुवारी पावणेसहालाच चौदा टेबलं भरली, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टर लेफ्कोविट्झ सगळ्या कुटुंबाला घेऊन आले होते. बरोबर पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध गृहस्थ.

"शिकागोचे माझे व्याही," डॉक्टर म्हणाले. "चाळीस वर्षं पाठशाळेत हेच शिकवतात. नेरियो, माझं नाक कापू नकोस हं!"

आत शंभर सळया मसाल्यात तयार होत्या. नेरियो पांढरा शर्ट घालून बाहेर आला. एप्रनाशिवाय तो मला अर्धाच वाटला. पोथी दिवसभर तंदूरच्या वरच्या फळीवर ठेवली होती, ती त्याने आणली, टेबलावर ठेवली आणि शेवटच्या पानाकडे जाण्यासाठी पानं उलटू लागला.

मध्येच त्याचं बोट थांबलं.

मी शेजारीच बसले होते. इतर सगळी पानं पिवळी, डागाळलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा. आणि हे एक पान चक्क कोरं करकरीत. डाग नाही, खूण नाही. फक्त कडेला मधाची एक ओली रेघ चकाकत होती. तंदूरच्या उबेने मध सुटला होता आणि इतके दिवस चिकटलेलं पान मोकळं झालं होतं.

"रब्बी," नेरियो पुटपुटला, "हे पान मी कधी पाहिलेलंच नाही."

प्लॉटकिन वाकला. "अठ्ठाविसावं. हे कधी होतं? वल्हांडण सणाच्या आधी. मी तेव्हा सणाच्या मात्झा-रोट्यांच्या भट्टीवर गेलो होतो, तुम्ही एकटेच वाचत होतात. विषय तुटलेला कळला नाही?"

"रब्बी, ही पोथी रोजच उडी मारते. मला वाटलं, आज जरा लांब मारली."

बुलोर स्वयंपाकघराच्या दारातून दबक्या आवाजात म्हणाली, "एका पानाने काय होतंय? कुणाला कळणार आहे? शेवट म्हणून टाका, निखारे पेटलेत."

प्लॉटकिनने पोथी नेरियोपुढे सरकवली. नुसता नेरियोकडे पाहत राहिला. खरंच कुणाला कळलं नसतं. शेवटच्या ओळी नेरियोला तोंडपाठ होत्या. रंगमंचावर मी प्रवेशच्या प्रवेश गाळून वेळ मारून नेलेली आहे आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आहेत.

नेरियोने मान वर केली. "मंडळी, माझं एक पान वाचायचं राहिलंय. ते शिकल्याशिवाय पोथी पूर्ण झाली असं मी म्हणणार नाही. तासभर लागेल. घाई असेल त्यांच्यासाठी पिझ्झावाला समोर उघडा आहे."

एकच कल्लोळ झाला. पोरं भुकेने रडायला लागली. दाराजवळचे चौघं उठून सरळ पिझ्झाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

"अरे, एकोणचाळिसातलं एक पान!" डॉक्टर ओरडले. "कोण मोजतंय?"

"डॉक्टर," नेरियो म्हणाला, "बत्तीस दातांत एक किडका राहिला, तर तुम्ही 'झालं' म्हणून घरी पाठवता का?"

खोलीत हशा पिकला. ह्या वेळचं हसणं नेरियोच्या बाजूचं होतं. शिकागोचे व्याही तर टेबलावर हात आपटून हसले आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर येऊन बसले.

मग सुरू झालं. नेरियोने ओळीखाली बोट ठेवलं. पहिल्या चार ओळी तो शब्दाशब्दाला अडखळला. बुलोरने गाजराची कोशिंबीर आणि पाव फिरवले, पोरांची तोंडं बंद झाली. प्लॉटकिन एकेक शब्द सांगत होता. हळूहळू पानाचा विषय उलगडला, आणि नेरियोचं बोट थबकलं.

"रब्बी, हे सुरीबद्दल बोलतायत?"

"हो. सणाच्या दिवशी सुरीला धार लावावी का. दगडावर लावू नये, पण एक सुरी दुसरीवर घासली तर चालेल."

"अर्थात!" नेरियो म्हणाला.

व्याही पुढे सरकले. "अर्थात कसं? मी चाळीस वर्षं हे शिकवतोय. धार ती धार. दगड काय आणि सुरी काय, फरक काय पडतो?"

नेरियो उठला. आत गेला आणि दोन सुऱ्या घेऊन आला. भर दुकानात त्याने एकीवर दुसरी सर्र सर्र फिरवली, रंगमंचावर तलवारबाजसुद्धा अशी फिरवत नाही. "पाहा. दगड लोखंड खातो. त्यातून नवीन धार तयार होते, ते कारागिराचं काम झालं. पण सुरीची जुनी धार नुसती वाकली असेल, तर दुसऱ्या सुरीने ती सरळ होते. लोखंड जात नाही, नवीन काही घडत नाही. बोट लावून बघा. जपून हं!"

व्याह्यांनी बोट लावलं. दाढी हलली. "चाळीस वर्षं," ते स्वतःशीच म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून, "चाळीस वर्षं मी हे अशा मुलांना शिकवतोय ज्यांनी कधी काकडी चिरलेली नाही, आणि मीही चिरलेली नाही!"

पानाच्या मागच्या बाजूला तर सळईच निघाली. मांस भाजून झाल्यावर सणाच्या दिवशी ती उचलावी की नाही? एका पंडिताचं म्हणणं, नुसती ओढून कोपऱ्यात सारावी. नेरियो आता बोट ठेवायचं विसरला होता. "कोपऱ्यातच! नाहीतर पायात येते. हा माणूस शेगडीपाशी उभा राहिलेला आहे, लिहून देतो!" मागून कुणीतरी विचारलं, सळई लाकडाची असेल तर? दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, तिसऱ्याने खोडून काढलं. टेबलाटेबलांवर वाद जुंपले. सळयांसाठी आलेली माणसं सळई कशी ठेवावी ह्यावर भांडत होती आणि भूक विसरली होती. नाटकवालीला ह्याहून मोठा चमत्कार दाखवू नये.

सव्वासातला पान संपलं. नेरियोने पेन्सिलीने समासात खूण केली, ओल्या बोटाचा पिवळा ठसा उमटला आणि ते पानही त्याचं झालं. मग तो शेवटच्या ओळींकडे गेला आणि उभा राहिला. त्याचे पाय लटपटत होते, मी शेजारून पाहत होते. पण आवाज! इतकी वर्षं तो आवाज नुसता "दोन कोकराचे, एक काळजाचा!" म्हणण्यात वाया गेला होता. शेवटची लांबलचक प्रार्थना भल्याभल्यांची जीभ वळवते. ती त्याने एका दमात म्हटली आणि साठ माणसांनी एका सुरात 'आमेन' दिलं. काच थरथरली, पिझ्झाच्या रांगेतले लोक वळून बघू लागले. प्लॉटकिनने तोंडावर हात धरला होता. दाताचं दुखणं नव्हतं ते, हसत होता!

गेलेल्या चौघांतले दोघं धावत परत आले. प्लॉटकिनने त्यांना दारातच अडवलं. "ओठाला चीज आहे. आता मांस नाही. उभे राहा आणि वास घ्या."

सळया आल्या. चरबी निखाऱ्यावर पडल्याचा तो धूर पाच दिवसांनी खोलीत शिरला, आणि तरी एकानेही हात लावला नाही. व्याह्यांनी स्वतः खुर्ची मागे ओढली. "बसा, रब्बी नेरियो. पहिला घास तुमचा."

एकोणीस वर्षांत तो माणूस आपल्याच दुकानात गिऱ्हाइकासारखा कधी बसला नव्हता. खुर्चीच्या कडेवर टेकला. डॉक्टर लेफ्कोविट्झ उठले, त्यांनी सळईवरचा पहिला तुकडा त्याच्या ताटात उतरवला आणि म्हणाले, "घ्या, नेरियो अको." त्याच्या गावचे धाकटे लोक थोरल्या भावाला मारतात ती हाक डॉक्टरांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

नेरियोने तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटून सावकाश चावला. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला आणि ताट परत न्यायला उठला. चौघांनी खांदे धरून त्याला खाली बसवलं तेव्हा कुठे आम्ही जेवलो.