आत्याच्या रेडिओवरचा ठिपका

मंडळी, आज हातून चूक झाली. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझ्या आत्याला दिसत नाही. तिचा जुना कॅसेट-रेडिओ मी दतिया गेटच्या बाजारातून नवा बेल्ट आणून दुरुस्त केला, स्पिरिटने चकचकीत पुसला आणि दुपारी तिच्या हातात दिला.

स्टेशन लावायच्या बटणावरून तिने दोनदा बोट फिरवलं. "अरे, इथला ठिपका?"

"वाळलेलं नेलपॉलिश होतं, आत्या. खरडून काढलं."

"नजर गेली तेव्हा तुझ्या आतोबांनी लावलं होतं रे. मला स्टेशन सापडावं म्हणून."

आतोबा आता नाहीत. मी लगेच नवा ठिपका लावला. स्टेशनही लागलं. "बढिया झालं, बेटा," म्हणत आत्या माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिली.

रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुरुस्तीआधी तुम्ही विचारता का, काय तसंच ठेवायचं? मी विचारलं नव्हतं.